चिमूरची बातमी आणि हाताने जोडलेला रेडिओ

प्रतापगडहून आम्ही बचतगटाच्या बाया बोलतो आहोत. बांधावर बसून ऐकणाऱ्या, चुलीपाशी ऐकणाऱ्या आणि नंतर हे मासिकात छापून आल्यावर वाचणाऱ्या सगळ्यांना आमचा रामराम.

एरवी आम्ही तुमच्याशी शेळ्या, कोंबड्या, बँकेचं कर्ज आणि हिशेबाची वही याबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरच्या घरी रेडिओ बनवण्याच्या छंदाचा इतिहास आज सांगायचा आहे. नुसतं ऐकायचा रेडिओ नव्हे, ज्यातून आपला आवाज दूर पाठवता येतो तो रेडिओ. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक मावशी लगेच म्हणाल्या, "हे काय बायांचं काम हाये का?" त्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आलं नसतं. म्हणून ही हकिकत.

आधी हा छंद काय ते समजून घेऊ. जगभर काही लोक हौसेखातर वायरलेसचं यंत्र बाळगतात आणि त्यावरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलतात. त्यांना 'हॅम' म्हणतात. हा धंदा नाही. त्यावर जाहिरात करायची नाही, पैसे घ्यायचे नाहीत. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि सरकारने दिलेल्या आपल्या खुणेच्या नावाने बोलायचं. त्यातले जे हाडाचे हौशी, ते यंत्र विकत घेत नाहीत, स्वतः जोडतात. अशा यंत्राला ते 'होमब्रू' म्हणतात. म्हणजे घरी गाळलेलं! आपल्याकडे मोहफुलांच्या दिवसांत घरी काय गाळतात ते आम्ही सांगायला नको, आणि त्याच्याविरुद्ध आपल्या गटांनी किती भांडणं केली तेही सांगायला नको. पण हे घरी गाळलेलं कोणाचा संसार मोडत नाही.

यात लागतं तरी काय? तांब्याची तार, तार गुंडाळून केलेली कॉइल, स्टेशन लावायचा गँग, थोडे छोटे सुटे भाग, आणि ते एकमेकांना जोडायला डाख, म्हणजे सोल्डरिंग. पूर्वी ट्रान्झिस्टरच्या जागी काचेचे व्हॉल्व्ह असत, ते तापले की लालसर दिसत. कॉइल आणि गँग मिळून ठरवतात की कोणत्या लहरीवर बोलायचं. कॉइलचे वेढे कमी-जास्त झाले की लहर बदलते. आणि आवाज बाहेर सोडायला एरियल. हॅम लोकांच्या आवडीची ४० मीटरची लहर घेतली, तर तिला साधारण २० मीटर लांब तार पुरते. मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर ताणायची. आपल्या वावरातल्या दोन मोहाच्या झाडांमध्ये बसेल एवढीच ती तार. एवढ्या सामानावर, हवामान साथीला असेल तर, शेकडो कोस दूर आवाज जातो. कारण या लहरी वर आकाशात जाऊन एका थरावर आपटतात आणि पुन्हा जमिनीकडे वळतात.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या देशात आकाशवाणी यायच्या आधी रेडिओ आला तो हौशी लोकांच्या हातून. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ साली कार्यक्रम ऐकवायला सुरुवात केली. कंपनीचं रीतसर केंद्र मुंबईत सुरू झालं ते चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ ला. आपल्या विदर्भात नागपूर आकाशवाणी आली ती स्वातंत्र्यानंतर, १६ जुलै १९४८ ला. मधल्या काळात लायसन्स घेऊन स्वतःचं यंत्र चालवणारे हौशी देशात मोजकेच होते, आणि बहुतेक मोठ्या शहरांतले, शिकलेले, खाऊन-पिऊन सुखी घरचे.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. इंग्रज सरकारने सगळ्या हौशींचे परवाने रद्द केले आणि आपापली ट्रान्समीटर यंत्रं पोलिसांकडे जमा करा असा लेखी हुकूम काढला. सरकारला भीती दोन गोष्टींची होती. एक शत्रूच्या हेरांची, आणि दुसरी आपल्याच लोकांची. यंत्र जमा झालं, परवाना गेला. पण तार किती वेढे गुंडाळायची हे ज्याच्या बोटांना माहीत आहे, त्याच्याकडून ते कसं जमा करणार?

तीन वर्षांनी त्या बोटांची गरज पडली. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. कुठे काय चाललंय हे गावोगावच्या लोकांना कळेना.

इथे मैत्रिणींनो, आपल्या झाडीपट्टीचा संबंध येतो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. लोक खवळले, त्यांच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही असाच उद्रेक झाला. मग चिमूरला फौज आली. गावातले पुरुष धरून नेले, आणि मागे राहिलेल्या बायांवर शिपायांनी अत्याचार केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही त्याच महिन्यात अटक झाली. नागपूरहून काही स्त्रिया धीर करून चिमूरला गेल्या आणि तिथल्या बायांच्या तोंडून सगळी हकिकत ऐकून आल्या. पण ती छापणार कोण? चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळींनी उपोषण केलं, ते ६३ दिवस चाललं आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटलं. त्या उपोषणाची बातमी छापायलाही सरकारने मनाई केली होती.

विचार करा. घरात घुसून बाईवर अत्याचार झाला. तिने तोंड उघडलं, ऐकणाऱ्या बायांनी ते ऐकलं. आणि तरी ती गोष्ट जिल्ह्याबाहेर जायला वाट नव्हती. आजही गावात एखाद्या बाईवर काही गुदरलं तर आधी काय होतं? 'बाहेर बोलू नको' म्हणतात. तेव्हा ते सरकार म्हणत होतं.

ती वाट मुंबईत तयार झाली. उषा मेहता नावाची २२ वर्षांची मुलगी. २५ मार्च १९२० चा जन्म, सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश. कुटुंब मुंबईला आलं, उषाबेन तिथे शिकल्या. अभ्यास सोडून त्या चळवळीत उतरल्या. त्यांनी आणि बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी या सोबत्यांनी ठरवलं की आपण रेडिओ काढायचा. डॉ. राममनोहर लोहिया आणि आपले नगरचे अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत पुढारी पाठीशी होते.

पण ठरवून रेडिओ होत नाही. यंत्र पाहिजे, ते दुकानात मिळत नव्हतं, आणि जोडणं हा गुन्हा होता. तेव्हा कामाला आले ते जुने हौशी. नरिमन प्रिंटर हे लायसन्स रद्द झालेले हॅम. त्यांनी सुट्या भागांतून ट्रान्समीटर उभा केला. 'शिकागो रेडिओ'चे नानिक मोटवाने यांच्याकडूनही मदत झाली. ही कंपनी काँग्रेसच्या सभांना भोंगे पुरवायची. आपल्या महाशिवरात्रीच्या जत्रेत हरवलेल्या लेकराचं नाव ज्या भोंग्यावरून पुकारतात, त्याच जातीचं काम.

२७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीजवळच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून पहिला आवाज गेला. हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कुठूनतरी बोलतो आहे, अशी ओळख उषाबेन देत. हा ४२.३४ चा आकडा मुद्दाम सांगतो आहोत. हॅम लोकांची ४० मीटरची जी पट्टी आम्ही वर सांगितली, त्याच पट्टीतली ही लहर. ज्या पट्टीवर सरकारने हौशींना गप्प केलं होतं, तिथूनच देश बोलू लागला.

हिंदीत आणि इंग्रजीत बातम्या जात, भाषणं जात. सुरुवातीला 'हिंदुस्थान हमारा' आणि शेवटी 'वंदे मातरम्'ची तबकडी. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियामधल्या घडामोडी. आणि चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची सविस्तर हकिकत. उषाबेनने नंतर स्वतः सांगून ठेवलं आहे की वर्तमानपत्रं ज्याला हात लावायला धजत नव्हती, ते काँग्रेस रेडिओने सांगितलं. आपल्या झाडीतल्या बायांचं दुःख मुंबईतल्या एका खोलीत हाताने जोडलेल्या यंत्रातून देशभर गेलं, आणि ते सांगणाऱ्यांत एक तरुण मुलगी होती. शाळेच्या पुस्तकात चिमूर असतं, उषाबेनही असतात, पण दोघींना जोडणारी ही तार आम्हाला तिथे कधी दिसली नाही.

आता पुढचा भाग ऐका, कारण आमच्या बोलण्याचं खरं कारण तिथे आहे.

पोलीस मागावर होतेच. चोरटा रेडिओ शोधायची रीत अशी. गाडीवर कडीसारखं गोल एरियल लावतात आणि ते फिरवतात. फिरवताना आवाज मोठा-बारीक होतो, त्यावरून दिशा कळते. दोन वेगळ्या ठिकाणांहून दिशा काढली आणि नकाशावर दोन रेघा ओढल्या, की जिथे त्या एकमेकींना कापतात तिथे यंत्र. म्हणून काँग्रेस रेडिओ एका जागी फार दिवस राहत नसे. चौपाटी, गिरगावातली पारेखवाडी, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो फिरला. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मी मंदिराजवळच्या 'पॅराडाइज' बंगल्यात पोलीस दारं फोडून आत आले. 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. थांबवा म्हटलं तरी उषाबेनने ती थांबवली नाही. चिमूरसाठी भन्साळींचं उपोषण ज्या महिन्यात सुरू झालं, त्याच महिन्यात चिमूरची बातमी सांगणारा रेडिओ बंद पडला.

पोलीस पोहोचले कसे? रेघांवरून नाही. यंत्राचं काम पाहणारा तंत्रज्ञ आधी पकडला गेला आणि त्याच्याकडून ठिकाण कळलं. त्या माणसाला इथे शिव्या द्यायच्या नाहीत. पोलीस कोठडीत काय होतं ते आपण घरी बसून बोलू नये. उषाबेनची महिनोन् महिने चौकशी झाली, एकांतात ठेवलं, परदेशी शिकायला पाठवण्याची लालूच दाखवली, त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने सुटले. उषाबेन येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ मध्ये बाहेर आल्या. पुढे त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, राज्यशास्त्र शिकवलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या.

पण आमच्या गटात या हकिकतीवर बोलणं झालं तेव्हा सगळ्या जणी एकाच जागी अडखळल्या. आवाज उषाबेनचा, हिंमत त्यांची, बातम्या त्यांच्या. यंत्राची विद्या मात्र दोन-तीन जणांच्याच हातात. तो हात धरला गेला आणि आवाज बंद झाला. त्या काळी मुलीला कॉलेजात जायला मिळालं हेच खूप, डाख द्यायला कोण शिकवणार होतं? दोष त्यांचा नाही. पण आपण तिथेच थांबलो तर तो दोष आपला.

युद्धानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९४६ पासून हौशींना पुन्हा परवाने मिळू लागले. परदेशी यंत्रांवर जबर जकात होती, म्हणून इथल्या हॅम लोकांनी युद्धातलं भंगार, जुने रेडिओ आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातले सुटे भाग यांवर काम भागवलं. गरिबीमुळे विद्या टिकली म्हणा ना. साधारण वीस वर्षांपूर्वी हैदराबादच्या अशर फरहान या हॅमनी 'बिटएक्स' नावाच्या यंत्राची आखणी केली. हेतू हाच की आपल्या बाजारात मिळणाऱ्या भागांतून, ३०० रुपयांच्या आत, कोणालाही बोलायचं-ऐकायचं यंत्र जोडता यावं. अशा यंत्रात मेदूवड्याच्या आकाराच्या लोहचूर्णाच्या कड्या लागतात, त्यावर तार गुंडाळतात. त्या इथे सहज मिळत नव्हत्या. फरहान यांनी त्याऐवजी काय वापरलं? नळाचे नायलॉनचे वॉशर! नळ गळायला लागला की आपण जो वॉशर बदलतो, तोच. त्यांनी सगळी आखणी जगाला फुकट दिली, आणि देशोदेशीच्या लोकांनी ती जोडली.

पुढे या यंत्राचे तयार बोर्ड विकले जाऊ लागले तेव्हा त्यातल्या कॉइल हाताने गुंडाळायचं काम बायकांच्या गटाने केलं. वेढे मोजून, तार न तुटू देता, एकसारख्या ओळीत. मैत्रिणींनो, ज्या हाताला कुंच्याला बारीक टाका घालता येतो, रोवणीला एका अंतराने रोप लावता येतं, त्या हाताला कॉइलचे वेढे जड जाणार आहेत का? मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

उरलेलं अर्धं अंदमानात मिळतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आपल्या सोबत्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन बंद पडले. भारतीताईंनी आपल्या यंत्रावरून बाहेरच्या जगाला खबर दिली, आणि पुढचे दिवस अडकलेल्या माणसांचे निरोप त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचवले. त्यांची यंत्रं कंपनीची होती, पण लावायची, चालवायची, एरियल ताणायची विद्या त्यांची स्वतःची होती. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला पूर आला तेव्हा आपल्या भागाने काय पाहिलं ते आठवा. वीज गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की मोबाइल म्हणजे नुसती बॅटरी.

आता आपल्या या सामुदायिक रेडिओकडे पाहू. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ पासून संस्थांना असे छोटे रेडिओ काढायला परवानगी मिळाली. ५० वॉटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरची हद्द. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायांनी 'संगम रेडिओ' सुरू केला. तिथे बोलतात बाया, रेकॉर्ड करतात बाया, आणि यंत्राची बटणंही बायाच दाबतात. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली.

आपल्याकडे बोलणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. आमच्या गटातली साठीची आजीही माइकपुढे घाबरत नाही. पण माइकची वायर निघाली की आपण सगळ्या दाराकडे पाहतो, कोणीतरी दादा येईल म्हणून. झाडीपट्टीच्या नाटकात बाई रात्रभर गाते आणि साउंडवाला झोपला तर तिचा आवाज पहिल्या रांगेपुढे जात नाही, तसंच हे. हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात होती तोवर आपले गट कसे चालत होते, आणि आपण स्वतः लिहायला शिकल्यावर काय बदललं, ते तुम्हाला आठवत असेलच. यंत्र ही दुसरी वही समजा.

म्हणून आमच्या गटांनी असं ठरवलं आहे. प्रत्येक गटातून दोन मुली किंवा सुना निवडायच्या. ज्यांना शिलाई मशीन उघडून पुन्हा बसवता येतं त्या आधी. त्यांनी पहिल्यांदा घरातला बंद पडलेला रेडिओ उघडायचा, विजेच्या जोडणीतून काढून, हे लक्षात ठेवायचं. कोणता भाग कशाचा ते ओळखायचं, मग डाख द्यायला शिकायचं, मग स्टुडिओतलं मिक्सर. ज्यांची इच्छा असेल त्यांनी पुढे हॅमची परीक्षा द्यावी. ती दूरसंचार खात्याची असते, १२ वर्षांवरचं कोणीही देऊ शकतं, आणि तिच्या खालच्या दर्जासाठी मोर्सची कट्ट-कडकट्ट यावी लागत नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ऐकायला कोणाची मनाई नाही, पण परवान्याशिवाय आवाज सोडणं आजही गुन्हा आहे. उषाबेनच्या वेळी परवाना मागायलाच जागा नव्हती. आपल्याला आहे, तर ती वापरायची.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या नातीचं नाव पहिलं लिवा." ते लिहिलं आहे. त्याच्याखालच्या ओळी रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं त्यांनी येत्या बैठकीला पेचकस आणि घरातला एखादा मेलेला रेडिओ घेऊन या.